इस्माईलभाईंनी अडवून ठेवलेली मांत्रीण

माझी मांत्रीण चौदा महिने पत्र्याच्या पेटीत पडून आहे. वर लाल चिठ्ठी, आणि चिठ्ठीवर इस्माईलभाईंच्या हातचं अक्षर: ‘अडवले. तपास बाकी.’ एवढ्या दिवसांत माणसं घर बांधून राहायला जातात. यांच्याकडून एक नियम लिहून होईना! हे आधीच सांगून टाकते, मागाहून शाल-नारळाच्या गडबडीत माझं कोण ऐकणार?

आता नमस्कार. सत्काराचा अंक काढणारी मंडळी म्हणाली, ‘आजी, दोन शब्द गोड लिहा.’ मी चौथीतून शाळा सोडलेली बाई, मला खरं तेवढं लिहिता येतं. इस्माईलभाईंना साठ वर्षं पूर्ण होताहेत. चाकणच्या कंपनीत माल तपासायच्या खात्यात त्यांचा जन्म गेला. आकुर्डीत भावाच्या गॅरेजवर खोली आहे, तिथं दर रविवारी दुपारी ते आम्हाला खेळ खेळवतात. नोकरीचं इतर लोक लिहितील. मी खेळाचं लिहिते.

ओळख झाली ती भांडायला गेले म्हणून. माझी सून सुनीता त्यांच्याच कंपनीत वायरिंगच्या लाइनीवर आहे. सुट्टीच्या दिवशी ही जाते कुठं, म्हणून एकदा मी मागोमाग गॅरेजचा जिना चढले. बघते तर टेबलाभोवती चार-पाच माणसं, मधे हातानं काढलेला नकाशा, आणि माझी सून उभी राहून ओरडतेय, “जाधव, मागं हो! पुलावर मी जाणार!” जाधव म्हणजे फोर्कलिफ्ट चालवणारा आडदांड गडी. तो मुकाट मागं झाला. मी म्हटलं, “हे काय चाललंय?” इस्माईलभाई उठले, स्वतःची खुर्ची मला दिली आणि म्हणाले, “मावशी, पुलावर राक्षस आहे. सुनीताला जरा सवड द्या, मग खुशाल घेऊन जा.” राक्षस मरेपर्यंत मी बसले. पुढच्या रविवारी कुणी बोलावलं नव्हतं, तरी गेले.

खेळ असा. इस्माईलभाई गोष्ट सांगतात, आपण गोष्टीतलं एकेक माणूस व्हायचं. काय करायचं ते आपण बोलायचं, जमलं की फसलं ते वीस बाजूंचा फासा सांगतो. प्रत्येकाचा एक पेशा असतो. सुनीता शिलेदार, जाधव चोर. मला पुस्तकातला जादूगार दिला, पण त्याचे नियम वाचता वाचता चहा गार व्हायचा. तेव्हा इस्माईलभाई म्हणाले, “मावशींसाठी घरचा पेशा बनवू.” ती माझी मांत्रीण. सहा मंत्र, सहा पत्ते, प्रत्येकावर एकच ओळ. जो नियम मावशींना एका दमात वाचता येत नाही तो नियम लांब आहे, असं त्यांनी सगळ्यांना बजावलं. माझं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं, तर पुढच्या रविवारी पत्त्यांच्या कडेला खाचा पाडून आणल्या. पहिल्याला एक खाच, दुसऱ्याला दोन. डोळ्यावर पट्टी असतानाही मी बोटानं चाचपून मंत्र टाकत होते.

कंपनीत भोक तपासायला त्यांच्याकडं दोन टोकांची कांडी असते. एक टोक भोकात गेलं पाहिजे, दुसरं अडलं पाहिजे, तरच माल पास. नवा पेशाही ते तसाच तपासतात. एक टोक म्हणजे, मांत्रिणीला प्रत्येक रविवारी काहीतरी काम मिळालं पाहिजे. दुसरं टोक म्हणजे, तिच्यामुळं दुसऱ्याचं काम जाता कामा नये. बोलायला सोपं आहे. करायला बसा म्हणजे कळतं.

पहिल्याच खेपेला त्यांनी चूक केली. नियम लिहिला, ‘एक शिफ्ट झोप झाली की वापरलेले मंत्र परत मिळतात.’ टेबलावरची सगळी कंपनीतली माणसं, कुणाला त्यात वावगं दिसलं नाही. मी विचारलं, “दिवसाच्या शिफ्ट किती?”

जाधव म्हणाला, “तीन, आजी. हे काय विचारणं झालं?”

“मग मला डोलीत घाला. मी झोपते. लढाई आली की उठवा.”

झालं! दर शिफ्टला मी ताजी. डोळे चोळत उठायची, मंत्र टाकायची, राक्षस भाजून काढायची आणि पुन्हा आडवी. डोली वाहायला सुनीता आणि जाधव. अख्खं टेबल हसत होतं. मी तर लईच खूश. जन्मात पहिल्यांदा झोपून कुणाचं तरी भलं होत होतं.

मग एका रविवारी सुनीता म्हणाली, “आत्या, तुम्ही जा. मला कपडे धुवायचे आहेत.” पुढच्या रविवारी डोकं दुखत होतं. मी म्हटलं नाटकं आहेत. इस्माईलभाई मात्र संध्याकाळी घरी आले. ‘का येत नाहीस’ असं त्यांनी विचारलंच नाही. दारातल्या पायरीवर बसून वही काढली आणि म्हणाले, “सुनीता, तुझ्या शिलेदारानं शेवटचा वार कधी केला?”

ती कणीक मळत होती. हात न थांबवता म्हणाली, “आले त्यातले शेवटचे पाच रविवार नाहीच, चाचा. मी नुसती डोली उचलत होते.”

पाच! मी तिच्या शेजारी बसत होते, मला एकही दिसला नव्हता. आठवडाभर ती लाइनीवर उभी असते, दुसरा सांगेल तसं करते. घरात मी सांगते तसं करते. पुलावर कोण जाणार हे ती सांगायची, अशी जागा एकच होती, आणि ती मी डोलीत घोरत घोरत खाल्ली.

इस्माईलभाईंनी वही मिटली. दुसऱ्या दिवशी मांत्रिणीचे सहा पत्ते पेटीत, वर कंपनीत अडवलेल्या मालाला लावतात तशी लाल चिठ्ठी. मी बोलले, भांडले. “नियम तुमचा, मी फक्त वापरला!” ते म्हणाले, “बरोबर आहे मावशी. चूक माझी, म्हणून माल माझ्याकडं राहील.” असा माणूस आहे. एकदा कंपनीत स्वतः पास केलेला माल गेटबाहेर पडलेल्या टेम्पोतून परत उतरवून घेतला, हे सुनीतानं मला सांगितलंय. साहेब चिडले, ड्रायव्हर चिडला. हे उन्हात उभं राहून एकेक तुकडा पुन्हा तपासत होते. अशा माणसाचा आदर वाटतो, आणि त्याच वेळी त्याला गदगदा हलवावंसं वाटतं.

आता मांत्रीण दिवसातून एकदाच झोपते, ते मला मान्य आहे. नवा नियमही केलाय. मंत्र म्हणताना मांत्रिणीला हलता येत नाही, म्हणून शिलेदारानं पुढं ढाल धरून उभं राहायचं. ढाल हटली की मंत्र मोडला. म्हणजे कधी म्हणायचा आणि कधी थांबायचं हे सुनीता ठरवणार, मी नाही. हेही मान्य, दात खाऊन मान्य. पण ढालीवर मार बसला तर तो लागायचा कुणाला, इथं घोडं अडलंय. सगळा सुनीताला दिला तर ती म्हणते, “घरी चहा द्यायचा, तिथं मार खायचा, व्हय आत्या?” सगळा मला दिला तर मांत्रीण दुसऱ्याच फटक्याला मरते. निम्मा-निम्मा केला तर जाधव प्रत्येक वाराला मोबाईलवर भागाकार करत बसतो आणि दुपार सरते. इस्माईलभाई लिहितात, खोडतात, पुन्हा आपल्याशीच फासे टाकून बघतात. तोवर मला वैद्य केलंय. मी पट्ट्या बांधते. आणि सुनीता सांगून बसलीय, “मार कुणाला ते पक्कं करा, मग येते.” तिची खुर्ची भिंतीला लावून ठेवलीय, तिच्यावर जाधव हेल्मेट ठेवतो.

इस्माईलभाईंना विचारलं की म्हणतात, “बघू मावशी, घाईत पास केलेला माल परत येतो.” अहो, पण नोकरी संपल्यावर तुम्ही मिरजेला बहिणीकडं जाऊन राहायचं म्हणताय! वही तुमच्याबरोबर गेली तर इथं कोण पास करणार? थोडा वाकडा का असेना, नियम द्या. खेळून बघू, बोचला तर दुरुस्त करू. कांडी भोकात घातल्याशिवाय कळतं का?

इस्माईलभाई, तुमचे गुडघे शाबूत राहोत, नजर साफ राहो. ऐंशीव्या वर्षीही जिना स्वतः चढा आणि आमच्या चुका काढा. बीपीची गोळी विसरू नका, दुसऱ्याला शिकवता तसं स्वतःही वागा. हे मी मनापासून लिहितेय, तेवढं गोड पुरे.

आता कार्यक्रमाबद्दल. सुनीतानं रविवारी यायचं कबूल केलंय, फक्त तुमच्या सत्कारासाठी. शाल घालून झाली की ती उभी राहून विचारेल, मार कुणाला. जाधवनं मधे तोंड घालायचं नाही. अंकवाल्यांनी टाळ्या वाजवून वेळ मारून न्यायची नाही. इस्माईलभाईंनी ‘मावशींना विचारा’ म्हणत माझ्याकडं वळायचं नाही, आणि ‘बघू’ तर अजिबात म्हणायचं नाही. उत्तर त्यांनी स्वतः द्यायचं, सुनीताला द्यायचं, आणि माईक खाली ठेवायच्या आत द्यायचं.