दहा फुटांवरचा देव

तेजोनयन चष्माघराच्या तीन शाखा झाल्या तेव्हा मालक श्यामकांतशेठनी पेपरात जाहिरात दिली. तीत त्यांचा फोटो होता, त्यांच्या आईचा, म्हणजे शांताबाईंचा होता, दत्ताच्या तसबिरीचासुद्धा होता. मुलुंडच्या पहिल्या दुकानाचं शटर शहात्तर साली ज्यांनी उघडलं, ते काशीराम तळवडेकर, माझे बाबा, त्यात कुठेच नव्हते. म्हणून हे मी सांगतेय. शेठना राग आला तर येऊ दे.

बाबा डोळे तपासायचे. डॉक्टर नव्हते, पण हात बसलेला. गिऱ्हाइकाच्या नाकावर तपासणीची फ्रेम ठेवायची, काचा बदलायच्या आणि विचारायचं, "आता बरं की मगाशी बरं?" घरी आईने आमटी वाढली तरी तेच. आई म्हणायची, "गप गिळा."

अक्षरांचा तक्ता वीस फुटांवरून वाचायचा असतो. मुंबईत वीस फूट लांब खोली कोणाच्या बापाची? मुलुंडला बाबांनी दहा फुटांत भागवलं होतं. उलट्या छापाचा तक्ता गिऱ्हाइकाच्या डोक्यामागे टांगलेला आणि समोर आरसा. नजर जाऊन-येऊन वीस फूट भरते. झकास चाललं होतं.

त्र्याऐंशी साली घाटकोपरचं दुकान निघालं. तिथेही बाबांनी तशीच आरशाची मांडणी केली. सत्यनारायणासाठी समोरच्या भिंतीवरचा आरसा उतरवला आणि शांताबाईंनी तिथे दत्ताची भलीमोठी तसबीर लावली. दुसऱ्या दिवशी बाबा आरसा परत लावायला गेले.

"बसलेल्या देवाला उठवून आरसा लावणार?" शांताबाई कडाडल्या. "अवदसा आठवली का, काशीराम?"

बाबा देवाला भारी घाबरायचे. त्यांनी सरळ छापाचा तक्ता आणून दत्ताच्या पायाशी टांगला. आरसा गेला मोरीत. खुर्ची मुलुंडसारखीच दहा फुटांवर, म्हणजे बरोबर जागी आहे असंच त्यांनी धरलं. आरशाबरोबर दहा फूट गेले हे कोणाच्या डोक्यातच आलं नाही.

आणि घाटकोपरला लोकांना सगळं दिसायला लागलं! दीड नंबरवाला सव्वात सुटायचा. ज्याला चष्मा लागला नाही तो दत्तापुढे नारळ ठेवायचा आणि जाऊन दहा जणांना पाठवायचा. दोन वर्षांत बोरिवलीची शाखा निघाली. तिथे तसबीर आधी लावली, कपाटं मागाहून.

मी तेव्हा सातवीत, शेवटच्या बाकावर. फळ्यावरचं उतरवताना तीनाचे आठ व्हायचे. सहामाहीत गणितात उडाले. बाबांनी मला घाटकोपरच्या खुर्चीत बसवलं. मी डोळे बारीक करून शेवटची ओळसुद्धा वाचली. झालं! "डोळे ठणठणीत आहेत. नुसता आळस." घरी आल्यावर कानाखाली बसली ती वेगळी. वर म्हणाले, "वार्षिकात नापास झालीस तर शाळा बंद. मावशीकडे शिवणाला बसायचं."

मला शाळा सोडायची नव्हती. दोन रात्री रडले आणि मग आपण ढ आहोत हे मान्य करून टाकलं. बाबांचा तक्ता खोटं कशाला बोलेल?

फेब्रुवारीत एकदा बाबांची पाळी मुलुंडला होती. मी डबा घेऊन गेले. ते जेवायला बसले, मी रिकाम्या खुर्चीत बसून आरशातला तक्ता वाचायला लागले.

"बाबा, इथली अक्षरं बारीक आहेत."

"डोळे फुटले काय गो? तक्ता सगळीकडे सारखाच असता."

"घाटकोपरला शेवटची ओळ दिसते ना. इथे खालच्या दोन दिसतच नाहीत."

बाबांचा घास हातातच राहिला. ते आरशाकडे बघत बसले, मग खुर्चीकडे, मग परत आरशाकडे. उठले, हात धुतले, माझ्या नाकावर फ्रेम ठेवली आणि एक काच घातली. शेवटची ओळ लख्ख.

"आता बरं की मगाशी बरं?" त्यांनी विचारलं.

"आता."

दुसऱ्या दिवशी घाटकोपरला जाऊन त्यांनी पाया पडून दत्त उतरवले आणि मोरीतला आरसा वर चढवला. "अडीच वर्षं लोकांना चुकीचे चष्मे देतोय आपण," ते शेठना म्हणाले. शेठ म्हणाले, "तक्रार कोणाची आहे?" संध्याकाळपर्यंत दत्त परत भिंतीवर आणि बाबा मुलुंडच्या मागच्या खोलीत, काचा घासायला. डोळे तपासण्याचं काम कायमचं गेलं.

माझ्या चष्म्याच्या काचाही त्यांनीच घासल्या. चष्मा मला घालून ते माझ्यासोबत शाळेत आले आणि भर वर्गात अनुपमाबाईंना म्हणाले, "बाई, पोरगी ढ नाही. मी दहा फुटांवर तपासली. चूक माझी आहे." बाईंना ओ की ठो कळलं नाही.

मी बाकावर जाऊन बसले आणि फळ्याकडे पाहिलं. डाव्या कोपऱ्यात चौकट होती. तिथे काहीतरी पांढरं असतं एवढंच मला सहामाहीपासून ठाऊक होतं. "कच्चे विद्यार्थी," मी वाचलं. खाली चार नावं होती. चौथं मी मोठ्यानेच वाचलं, "मीरा काशीराम तळवडेकर."

वर्ग हसला. बाबांनी वळून फळ्याकडे पाहिलं. मग बाईंना न विचारता डस्टर उचललं, 'मीरा' तेवढं पुसलं, बाकीचं तसंच ठेवलं आणि कामावर गेले.