गॅरेजमागचं पिवळं फूल

भांडणाच्या कलेत आमच्या व्हिटबीच्या घरमालक काकांइतका तयारीचा माणूस साऱ्या ओंटॅरिओत नसेल. मी त्यांच्या बेसमेंटमध्ये तीन वर्षं भाड्याने राहिलो. काका मूळचे रेवदंड्याचे बेने इस्राएल, म्हणजे कोकणातले मराठी ज्यू. शनिवारी शब्बाथ म्हणून कामाला हात लावत नसत. भांडण मात्र कामात मोडत नाही, असं त्यांचं मत होतं. हिवाळ्यात दारातली वाट फावड्याने मोकळी करताना ते बर्फाशी भांडत आणि बर्फ वितळला की काकूंच्या हमिंगबर्डशी.

काकू डेकवर साखरपाणी टांगून ठेवत. मे महिन्यात अंगठ्याएवढा, लाल गळ्याचा तो पक्षी यायचा आणि काकू त्याचं जावयासारखं कोडकौतुक करायच्या. इकडे काकांना गॅरेजमागे आपोआप उगवलेलं एक पिवळं फूल सापडलं. लायब्ररीतल्या पुस्तकात बघून त्यांनी ठरवून टाकलं, की हा वुड पॉपी, कॅनडात आता अगदी मोजक्या जागी उरलेला. मग रोज तुलना. तुझा पक्षी फुकटचं पितो नि थंडी दिसली की मेक्सिकोला पळतो, माझं फूल बर्फाखाली इथेच तग धरून राहतं, असं काका म्हणत. पळायलाही अक्कल लागते, असं काकू म्हणत. काकांनी फुलाभोवती जाळी लावली आणि गॅरेजमागे सायकल ठेवायची मला बंदी केली. वंश बुडाला तर पाप माझ्या माथी, असंही बजावलं.

शेवटी घोटाळा मीच केला. ग्वेल्फला वनस्पतिशास्त्र शिकवणारी माझी मैत्रीण एका रविवारी आली होती, तिला मोठ्या कौतुकाने फूल दाखवलं. तिने शेंग चाचपली. वुड पॉपीच्या शेंगेवर लव असते, हिच्यावर नव्हती. हे सेलँडाइन, युरोपातून आलेलं तण, लोक दिसेल तिथे उपटतात, असं तिने हळूच सांगितलं. काका वाकून फुलाभोवतीची जाळी सरळ करू लागले. दोन वर्षं त्या फुलाला नावं ठेवणाऱ्या काकूच पुढे झाल्या.

"नीट बघितलंस का गं तू?"

तिने पुन्हा बघितलं. उत्तर तेच.

दुसऱ्या दिवशी काकांनी ते स्वतःच मुळासकट उपटलं. हाताला लागलेला नारिंगी चीक ते गवताला पुसू लागले.

"दोन वर्षं रोज सकाळी त्याच्याशी मराठीत बोललो रे," ते म्हणाले. "नातवंडं इंग्लिशमध्ये उत्तर देतात. हे निदान ऐकून घ्यायचं."

मी फावडं घेतलं आणि हळूहळू खड्डा बुजवू लागलो.