बट्टी चुरण्यापुरता फोर्स

मी दुसरीपर्यंत शिकलो, पण फोर्स हा शब्द शिकवायला मला मास्तर लागला नाही. तापीवरून वावरात पाइपलाइन आली, तिच्यासोबत तो आला. धार बारीक पडली की आम्ही म्हणायचो, फोर्स नाही. नातू भरती झाला तशी सून सांगायला लागली, पोरगा फोर्समध्ये आहे. मी सगळीकडे अर्थ एकच धरला होता, दम.

गेल्या वर्षी माझ्या उजव्या अंगावरून वारं गेलं. पाय सुधारला, हात मात्र तसाच. बायको घास भरवायची. घरात चालतं ते. पण मेहुण्याच्या नातीचं लग्न निघालं, आणि आमच्याकडे पंगतीला वरण-बट्टी. कणकेची कडक बट्टी ज्याची त्याने मुठीत चुरायची, मग वरण घ्यायचं. चार गावच्या लोकांत बायकोने मला भरवायचं? मी येत नाही, सांगून टाकलं. तिच्या माहेरचं लग्न. तिने काढलेलं नवं लुगडं तेवढं परत पेटीत ठेवलं.

शहाद्याला हाताचा व्यायाम करून घेणारी मुलगी होती, तोरणमाळकडची. तिने रबरी चेंडू दिला. मी दात खाऊन दाबायला लागलो.

"आप्पा, फोर्स करू नका. हळू दाबा, हळू सोडा."

"फोर्स नको, तर हात चालेल कशावर?"

"सोडताही आलं पाहिजे ना. तुम्ही नुसतं धरून बसता."

"यासनी सवयच शे ती," बायको म्हणाली. दोघी हसल्या.

घरी येऊन चेंडू कोपऱ्यात टाकला. मी काय लहान पोर आहे? बायकोने दार लोटलं आणि कणकेची परात पुढे सरकवली. "मळा. कोनी देखत नही."

रोज मळली. दाबायची, सोडायची. पोळ्या सुनेने खाल्ल्या, कणीक कोणी मळली ते विचारलं नाही.

शेवटी गेलो लग्नाला. पंगतीत मेहुणा शेजारी बसला आणि त्याने माझ्या ताटाकडे हात केला. "आना दाजी, मी चुरी देस."

"हात मागे घे."

मूठ वळली, पण बट्टी फुटेना. पलीकडून बायको बघत होती, नव्या लुगड्यात. मी मूठ सैल सोडली, परत दाबली. बट्टी फुटली आणि अर्धी उडून मेहुण्याच्या वरणात पडली. त्याचा पांढरा सदरा पिवळा झाला.

"फोर्स जास्ती व्हई गया, दाजी!"

सगळी पंगत हसली. मी उरलेली अर्धी चुरली, पहिला घास घेतला. वरण गार होतं. तसं वाढप्याला सांगितलं.