पाव फेरा

कारखान्यात त्यांना सगळे वैद्य म्हणत. औषधाशी त्यांचा संबंध खोकल्याच्या बाटलीपुरताच. पण चुन्याच्या भट्टीखाली उभे राहून ते बेअरिंगच्या पेटीवर तळहात ठेवत, डोळे मिटत आणि म्हणत, "हिला आज बरं नाही." म्हणून हे नाव.

भट्टी म्हणजे साठ पावलं लांबीची, जराशी उतरती पडलेली लोखंडी नळी. आतून विटांचं अस्तर, पोटात आग, आणि मिनिटाला एक सावकाश गिरकी. नळीभोवती तीन जाड पोलादी कडी, आणि प्रत्येक कडं दोन रोलरांवर टेकलेलं. नळी उतारामुळे खाली सरकू पाहते. रोलर केसभर तिरका केला की वर चढते. हा तिरकेपणा पेटीमागचा बोल्ट फिरवून साधायचा, आणि बोल्ट एका वेळी पाव फेऱ्याहून जास्त फिरवायचा नाही. तो पाव फेरा कधी, कुठल्या रोलरला, कुठल्या अंगाला, हे एकतीस वर्षं वैद्यांच्या डोक्यात होतं. नोंदवहीत नव्हतं.

"लिहून ठेवलं तर मला कोण विचारील?" असं ते म्हणत. लोक हसत, तेही हसत. पण बोलत होते ते खरंच.

दुपारच्या पाळीला त्यांचा साडू असे. दोघी बहिणींची लग्नं एका वर्षात झालेली, घरं हाकेच्या अंतरावर. साडूला ही लपवाछपवी खपत नसे.

"मधल्या कड्याचे दोन्ही रोलर एकमेकांविरुद्ध बसलेत," तो म्हणे. "एक वर रेटतो, एक खाली. भट्टी जागची हलत नाही म्हणून तुला वाटतं ठीक आहे. ती ठीक नाही, रगडली जातेय."

"माझ्या हाताला कळतं."

"तुझा हात म्हणजे काय वेदवाक्य?"

अकरा वर्षांपूर्वी मधल्या कड्याच्या डाव्या रोलरचा दांडा तुटला. भट्टी तापलेली असतानाच थांबली आणि वाकली. एकोणीस दिवस काम बंद. चौकशीत साहेबांनी विचारलं, बोल्टला हात कुणी लावला होता? साडू सरळ माणूस. म्हणाला, "संध्याकाळी मी फिरवला. उलटा बसला होता, तो सरळ करत होतो." वैद्यांना विचारलं तेव्हा ते म्हणाले, "मी घरी गेलो तेव्हा सगळं ठीक चाललं होतं." त्या दिवशी दुपारी घरी जाण्याआधी त्याच बोल्टला आपण पाव फेरा दिला होता, हे ते बोलले नाहीत. खोटं बोलतोय असं त्यांना वाटलंही नाही. आपला फेरा बरोबर होता, साडूने तो बिघडवला, अशी त्यांची खात्रीच होती.

साडूची नोकरी गेली. आता तो एका वजनकाट्यावर बसून मालमोटारींच्या पावत्या फाडायचा. धाकटी बहीण नवऱ्याबरोबर गावाच्या दुसऱ्या टोकाला राहायला गेली. दोघी बहिणी शनिवारी बाजारात भेटत आणि दोघांचे नवरे ते ठाऊक नसल्यासारखं वागत.

वैद्यांच्या निवृत्तीला दोन महिने उरले असताना बाहेरच्या कंपनीची माणसं भट्टी तपासायला आली. त्यांची प्रमुख तिशीतली एक बाई होती. तिने चालू भट्टीवर चार दिवस मोजमापं घेतली. शिशाची तार कडं आणि रोलर यांच्यामधून जाऊ दिली आणि चपटी होऊन आलेली तार, दाब कुठे जास्त पडतो ते बघायला, उजेडात धरून पाहिली. वैद्य तिच्या मागे मागे हिंडत होते, विचारण्याआधीच उत्तरं देत होते. चौथ्या दिवशी तिने कागदावर सहा रोलर काढले आणि प्रत्येकावर बाण काढला.

"काका, सहापैकी चार रोलर एकमेकांशी भांडतायत," ती म्हणाली. "मधल्या कड्याचे सगळ्यांत जास्त. याचा दांडा पूर्वी कधी तुटलाय का?"

"तुटलाय. अकरा वर्षं झाली."

"तुटणारच. पुन्हा तुटेल. तेव्हापासून बोल्ट कोण फिरवतं?"

"मीच. दुसरं कुणी नाही."

तिच्या लक्षात आलं असावं. ती नजर खाली करून तारा पिशवीत भरू लागली. वैद्यांनी पेटीवर हात ठेवला. एकतीस वर्षं भट्टीची नाडी म्हणून ज्या थरथरीवर त्यांचा विश्वास होता, ती या भांडणाचीच थरथर होती. निरोगी रोलर हाताला कसा लागतो, ते त्यांना कधी समजलंच नव्हतं.

ते साहेबांकडे गेले. त्या वेळचा दोष साडूचा नव्हता, तसं पत्र त्याला द्या, एवढंच त्यांचं मागणं होतं.

"जुनी मढी कशाला उकरता?" साहेब म्हणाले. "अहवालात कुणाचं नाव नाही. रोलर सरळ करू, विषय संपला. तुम्ही सुखाने घरी जा."

वैद्य बाणांचा कागद घेऊन घरी गेले. दुसऱ्या दिवशी सकाळी बायको भाजी निवडत होती. त्यांनी तिला सगळं सांगितलं, दुपारच्या पाव फेऱ्यासकट. तिने देठ मोडणं थांबवलं नाही.

"रोलरातलं मला काही कळत नाही," ती म्हणाली. "पण चौकशीहून आलात तेव्हा तुम्ही मला म्हणालात, 'त्याने स्वतःच कबूल केलं तर मी कशाला बोलू?' मी तर काहीच विचारलं नव्हतं."

"मग तेव्हा बोलली का नाहीस?"

"तुम्ही बोलाल म्हणून वाट बघत होते." तिने परात बाजूला सारली. "उठा. रविवार आहे, तो घरीच असेल."

"आजच?"

"अकरा वर्षं झाली. अजून मुहूर्त काढायचाय?"

दार साडूच्या मुलीने उघडलं. ती दहा वर्षांची होती. "मावशी!" म्हणून ती बिलगली, आणि मग आत वळून म्हणाली, "बाबा, मावशीबरोबर कुणीतरी आलंय."

खोली एकच होती, मधे पडदा. साडू खाटेवर बसला होता. केस पांढरे झाले होते. धाकटीने पाण्याचा पेला आणला, "घ्या भाऊजी," म्हणाली आणि बहिणीला घेऊन पडद्याआड गेली. वैद्यांनी कागद पुढे केला. साडूने चष्मा लावला आणि बाणांवरून बोट फिरवलं. पहिल्यांदा तो रोलरांबद्दलच बोलला.

"मधला डावा अजून उलटाच आहे?"

"हो."

"इतकी वर्षं?"

"हो. तुझं बरोबर होतं. मी त्या दुपारी पाव फेरा दिला होता. चौकशीत सांगितलं नाही."

"ठाऊक आहे मला," साडू म्हणाला. "मी संध्याकाळी बोल्टला हात लावला तेव्हा आट्यांवर ताजं ग्रीस होतं. दुसरं कोण लावणार?"

"मग तू का नाही सांगितलंस?"

"तुम्ही सांगाल असं वाटलं. तुम्ही समोरच बसला होता." जन्मभर ज्याने अरे-तुरे केलं, तो आता तुम्ही म्हणत होता. "हा कागद त्या बाईचा. मला कागद नको होता. तुमच्या तोंडचं एक वाक्य हवं होतं, आणि ते त्याच खोलीत हवं होतं."

"साहेबांकडे पत्र मागितलं मी. देत नाहीत."

"पत्र घेऊन काय करू? वजनकाट्यावर चिकटवू?"

माफी मागायची वाक्यं वैद्यांनी रस्ताभर जुळवली होती, त्यांतलं एकही या खोलीत चालणार नव्हतं. साडूने कागदाची नीट घडी घातली आणि त्यांच्या हातात परत दिली.

"बोलून टाकलंत, तुम्हाला आता हलकं वाटेल. वाटू दे. मला वाटत नाही," तो म्हणाला. "ताईंना इथे कधीही येऊ दे, त्यांचं घर आहे. तुम्ही येऊ नका."

पडद्याआड बहिणींचं बोलणं थांबलं होतं. मग वैद्यांची बायको बाहेर आली. तिने पदर खोचला होता, हाताला पीठ होतं.

"तुम्ही व्हा पुढे," ती म्हणाली. "मी इथेच जेवते. संध्याकाळी येईन."

वैद्यांनी चपला घातल्या आणि ते जिना उतरले. मुलीने वरून विचारलं, "मावशी, ते कोण होते गं?" बायकोने काय उत्तर दिलं, ते ऐकायला ते थांबले नाहीत.