वहीच्या मागच्या पानावरचा ठराव

यज्ञेश्वर टेंभेकर हे नाव ऐकून शनिवार पेठेतल्या नव्या शेजाऱ्यांनी सत्यनारायणाचं आमंत्रण द्यावं आणि सरांनी "मी ख्रिस्ती आहे, चहाला मात्र येईन" असं सांगावं, हे चाळीस वर्षं चाललं होतं. पणजोबांनी बाप्तिस्मा घेतला, पण नाव काही सोडलं नाही. तेच पुढे पणतूला मिळालं. नावाबरोबर हट्टही आला, असं त्यांची बायको श्यामला म्हणे, आणि ती चुकीचं बोलणारी बाई नव्हती.

सरांनी धर्मशास्त्राच्या विद्यालयात बत्तीस वर्षं मंडळीचा, म्हणजे चर्चचा, इतिहास शिकवला. "कागद दाखवा, मग बोला," हे त्यांचं पालुपद. होतकरू पाळक, म्हणजे उद्याचे धर्मगुरू, त्यांच्यापुढे चळाचळा कापत. त्यांचं नाव झालं ते एका पुस्तकामुळे. जुन्या मंडळ्या आपल्याच माणसांना किती निर्दयपणे वाळीत टाकत, हे त्यांनी त्यात पुराव्यानिशी मांडलं होतं. त्यातली सगळ्यात गाजलेली हकीकत मुक्ताईंची. १९६१ साली त्यांनी एका हिंदू कारखाना कामगाराशी हिंदू पद्धतीनं लग्न केलं, म्हणून मंडळीच्या पंचांनी त्यांना भर उपासनेत पुढच्या बाकावरून उठवलं आणि प्रभुभोजनातून, म्हणजे येशूच्या स्मरणार्थ भाकर आणि प्याला घेण्याच्या विधीतून, वगळलं. "मंडळीने त्यांना कधीही परत घेतले नाही," हे सरांचं वाक्य पुढे दहा जणांनी आपापल्या लेखांत उतरवून घेतलं.

आणि मुक्ताई अजून होत्या. वय शहाऐंशी. नवरा जाऊनही जमाना झाला होता. दर रविवारी वाघोलीहून रिक्षानं त्याच चर्चमध्ये येत आणि शेवटच्या बाकावर बसत. महिन्याच्या पहिल्या रविवारी भाकर आणि प्याला फिरू लागला की हात पदराखाली घेत. १९९४ साली तेव्हाच्या पाळकांना त्यांची कणव आली. त्यांनी आधी मुक्ताईंना क्षमेचा अर्ज करायला सांगितलं. मुक्ताई म्हणाल्या, "ज्यांनी उठवलं त्यांनी बसवावं. मी अर्ज करणार नाही." मग पाळकांनी सरांना पत्र लिहून विचारलं, जुन्या नोंदीत यांना परत घेतल्याचं कुठे काही आहे का? सरांनी पोस्टकार्डावर उत्तर दिलं: "नोंद नाही." इतिहासकाराचा शब्द. विषय तिथेच मिटला.

या वर्षी पुस्तकाची नवी आवृत्ती निघायची होती. मूळ वहीचा एक फोटो हवा म्हणून सरांनी पंचांची जुनी वही घरी आणली आणि शुक्रवारी सकाळी टेबलावर ठेवताना ती उलटी पडली. मागच्या कोऱ्या पानांवर कारकुनाचं बारीक अक्षर होतं. पुढची पानं संपल्यावर बिचाऱ्यानं वही उलटी करून लिहायला घेतलं होतं. ऑक्टोबर १९६८. "मुक्ताबाई यांच्या बाबतीत आमच्याकडून कठोरपणा झाला. त्यांस प्रभुभोजनास पुन्हा घ्यावे. पाळकसाहेबांनी घरी जाऊन कळवावे." खाली दुसरी नोंद: पाळकसाहेबांची बदली झाली.

कोणी कळवलंच नव्हतं.  पुस्तक लिहिताना ही वही सरांकडे दोन महिने होती. पोस्टकार्ड लिहिताना तर त्यांनी ती उघडलीही नव्हती. त्यांना स्वतःची शिसारी आली.

दुपारी ते पाळकांकडे गेले. पाळक अनिरुद्ध हा सरांचाच विद्यार्थी. त्यानं ठराव दोनदा वाचला.

"सर, या रविवारी प्रभुभोजन आहे, मी आजींना गुपचूप देतो. पुस्तकाचं कशाला उगाच? आपण नावाजलेले आहात. आता या वयात..."

 सरांना मोह झाला, खोटं कशाला बोला. आवृत्ती सोमवारी छापायला जायची होती. वही पुन्हा कपाटात गेली असती तर कुणाच्या बापाला कळणार नव्हतं. रात्रभर त्यांनी कूस बदलली आणि शनिवारी वही पिशवीत घालून वाघोली गाठली.

मुक्ताईंनी ठराव वाचून घेतला. मग म्हणाल्या, "म्हणजे छप्पन्न वर्षं मी परत आलेलीच होते?"

"हो."

"आणि तुम्हाला विचारलं होतं."

"मी न बघता नाही म्हणालो."

मुक्ताईंनी वही मिटून त्यांच्याकडे सरकवली. "या आता," एवढंच म्हणाल्या. पाणीसुद्धा विचारलं नाही. उद्या त्या येणार की नाही, हे विचारायची सरांची छाती झाली नाही.

रविवारी त्या आल्या आणि शेवटच्या बाकावर बसल्या. प्रभुभोजनाआधी सर पुढे उभे राहिले. ठराव वाचला, पोस्टकार्डाचं सांगितलं, पुस्तकातलं वाक्य खोटं आहे आणि आवृत्ती थांबवली आहे, हेही सांगितलं.  

अनिरुद्ध तबक घेऊन थेट शेवटच्या बाकाशी गेला. मुक्ताईंनी हात बाहेर काढले नाहीत. सगळ्यांच्या माना मागे वळल्या होत्या.

"त्यांना बोलवा," त्या म्हणाल्या.

सर मागे आले. मुक्ताई जराशा सरकल्या आणि बाकावर जागा केली. सर बसले.

"राग गेलेला नाही माझा," त्या म्हणाल्या. "इतक्यात जाणारही नाही."

सर मान खाली घालून पुटपुटले, "मग आज घेऊ नका. मनात राग ठेवून घेऊ नये, आधी समेट करावा, असं मी पुस्तकात..."

"तुमच्या पुस्तकाचं मी तीस वर्षं ऐकलं," मुक्ताई म्हणाल्या, आणि भाकरीचा तुकडा उचलून तबक त्यांच्यापुढे सरकवलं.