अण्णांचा पितळी गज

बंदुकीला हात लावण्याआधी अण्णा तिच्यावर नखानं टकटक करायचे आणि विचारायचे, "आत कोन हाय?" न्हाणीघराचं दार वाजवावं तसं. उत्तरही स्वतःच द्यायचे, "कोन न्हाई. तरी बघू." मग बोल्ट, म्हणजे नळीमागची खिट्टी, मागे ओढायचा, नळी उजेडाकडं धरून आत डोकवायचं, काडतूस बसतं त्या जागी करंगळीचं टोक टेकवायचं. एवढं झाल्यावर बोट पायजम्याला पुसून म्हणायचे, "हां, आता बोला सर."

परतूरला आमची घरं भिंतीला भिंत लागून. मी तिथल्या कॉलेजात मराठी शिकवायचो. अण्णा मंठ्याकडचे, घरची बरी शेती. मुलांच्या शिक्षणासाठी म्हणून परतूरला आले आणि मुलं शिकून निघून गेली तरी राहिले. बंदुकीचा परवाना पीक संरक्षणाचा. तिनं एकही रानडुक्कर मारलं नाही. डुक्कर मारायला परवानगीचा अर्ज करावा लागतो आणि अर्ज मंजूर होईपर्यंत डुक्कर थांबत नाही. अण्णा अधूनमधून शेतावर जाऊन विहिरीच्या मातीच्या ढिगाऱ्यात चार बार काढायचे आणि पुढं आठवडाभर ती साफ करायचे.

बंदूक पॉईंट टू-टू. तिची गोळी बारीक, उघड्या शिशाची, वरून मेणाचा हलका हात दिलेली. तिची नळी कशी साफ करावी याबद्दल अण्णांची मतं आमच्या कोणत्याही चर्चासत्रापेक्षा ठाम होती. फरक इतकाच, की त्यांच्या मतांमागे एक मयत होती.

मयत म्हणजे वडिलांची पहिली बंदूक. तरुणपणी अण्णांनी ती पोलादी गजानं, नळीच्या तोंडाकडून, रोज घासली. प्रेमानं घासली. गोळी बाहेर पडताना ज्या कडेला शेवटचं शिवते, ती कडच झिजली आणि बंदूक भलतीकडं मारू लागली. वडील रागावले नाहीत. त्यांनी दुसरी आणली आणि सांगितलं, "हिला तू हात लावू नकोस." शेवटच्या आजारात मात्र तीच, आताची बंदूक अण्णांच्या मांडीवर ठेवली.

"सर, पहिली गोळ्या झाडून न्हाई मेली," अण्णा म्हणायचे. "मी घासून मारली."

तेव्हापासून पोलादी गज बाद. तुकडे जोडून केलेला गज बाद, कारण सांधा नळीला खरवडतो. अॅल्युमिनियमचा मऊ असतो, त्यात रेतीचा कण रुतून बसतो आणि मग तो गज कानसच होतो. दोरीला चिंधी बांधून ओढायची पद्धत त्यांना चालायची, पण हात तिरका झाला की दोरी तोंडाची कड कापते आणि "सरळ ओढणारा मानूस मी अजून पाह्यला न्हाई." उरला एकसंध पितळी गज. बोल्ट काढून गज मागून घालायचा, चिंधी तोंडाशी आली की काढून घ्यायची, मळकी पुन्हा आत ओढायची नाही.

"मागूनच का?" मी एकदा विचारलं.

"तुमी घरात कुठून येता? दारातून का खिडकीतून?"

मुलानं पुण्याहून साफसफाईची पेटी पाठवली. मखमलीत झोपवलेले ब्रश, लहानमोठे, राजघराण्यातले वाटावेत असे. अण्णांनी सगळ्यांवरून नजर फिरवली. "सामान बराबर हाय," ते म्हणाले, "आता याला घासायला एक तोफ पाठव म्हना." तांब्याचा ब्रश मात्र ठेवून घेतला. शिसं फार धरलं तरच, एरवी नाही.

अण्णा सगळ्याच बाबतीत बरोबर होते असं मी म्हणणार नाही. नळी लख्ख पुसल्यावर त्यांचा पहिला बार हमखास चुकायचा. कोरड्या नळीला थोडं मेण-शिसं लागल्याशिवाय ती नीट मारत नाही, असं मला एका नेमबाजी शिकवणाऱ्यानं सांगितलं होतं. अण्णा म्हणायचे, वारा. पान हलत नसायचं तेव्हाही वारा.

चिंधीसाठी त्यांना धुऊन मऊ झालेलं सुती कापड लागायचं. त्यासाठी ते आमच्या दारात उभे राहायचे. "वहिनी, सरांचा हा सदरा सुती हाय का मिक्स?" मी अंगात घातलेल्या सदऱ्याबद्दल हा प्रश्न असायचा.

एका दसऱ्याला गल्लीतल्या पुढाऱ्यानं मांडव घालून शस्त्रपूजा ठेवली. त्याची स्वतःची तलवार लग्नात भेट आलेली, धार नसलेली. भाषण मात्र धारदार झालं. अण्णांची बंदूक पाटावर आली. गुरुजींनी पाणी शिंपडलं आणि हळदकुंकवाची बोटं नळीकडं नेली.

"नळीला न्हाई! लाकडाला लावा, गुरुजी."

पण तोवर लागलं होतं. अण्णांनी खिशातून चिंधी काढली आणि मंत्र चालू असतानाच आशीर्वाद पुसायला घेतला.

"अण्णा, देवापेक्षा गंजाला जास्त भेता का?" पुढारी माइकवरून म्हणाला.

"देव माफ करतो," अण्णा म्हणाले.

हा दसरा आठवला की मला हसू येतं, आणि पाठोपाठ ते विरतं. कारण त्यानंतरच्याच हिवाळ्यात अण्णा सकाळी आमच्याकडून चिंधी घेऊन गेले आणि दुपारी पुन्हा दारात उभे राहिले. "वहिनी, सुती काही हाय का?" बायकोला वाटलं, पहिली कमी पडली. दुसऱ्या दिवशीही तसंच झालं. चिंध्यांचा ढीग काकूंनीच मला दाखवला, घडी घालून ठेवलेला, एकही न वापरलेली. काकू म्हणजे अण्णांची बायको. बोलतात कमी, पाहतात सगळं.

"डॉक्टरकडं गेल्तो," त्या म्हणाल्या. "वयाचं हाय म्हन्ले. गोळ्या दिल्या. त्या घ्यायच्याच इसरून राह्यलेत."

"आणि बंदूक?"

"तेच तर. दुसरं काही इसरले तरी चालंल हो."

मुलगा फोनवर सांगायचा, विकून टाका. अण्णा त्याला सांगायचे, आधी मला विक. काडतुसांच्या डब्याची किल्ली काकूंनी पदराला बांधली. मला वाटलं, झालं मिटलं.

मग निवडणूक लागली. निवडणूक आली की परवान्याच्या बंदुका ठाण्यात जमा कराव्या लागतात. तसा निरोप आला. जमा करायच्या आदल्या सकाळी अण्णा ओसरीवर उन्हात साफसफाईला बसले. काकू पलीकडं तूर निवडत होत्या. मी पेपर घेऊन खुर्चीवर. प्रचारातलं एक थोर वाक्य मी त्यांना वाचून दाखवत होतो. वर पाहिलं तर काहीतरी चुकल्यासारखं वाटलं, आणि काय ते कळायला क्षण लागला. बंदूक उभी होती, दस्ता दोन्ही पायांत, नळीचं तोंड हनुवटीखाली. बोल्ट बंद. अण्णा पितळी गज वरून, तोंडाकडून आत घालत होते.

"आत काहीतरी अडकलंय, सर," ते म्हणाले आणि गजावर जोर द्यायला लागले.

"अण्णा," मी म्हणालो. "आधी विचारलंत का?"

त्यांचा हात थांबला. गज सावकाश वर काढून त्यांनी बाजूला ठेवला. बंदूक आडवी केली, तोंड मोकळ्या अंगणाकडं. टकटक न करताच बोल्ट मागे ओढला. काडतूस बाहेर उडालं आणि काकूंच्या सुपात तुरीवर पडलं.

शेतावर गेले होते तेव्हाचं असेल. डब्यात परत ठेवायचं राहिलं असेल. त्यांना आठवत नव्हतं.

"सर, हिला सांगू नका," ते म्हणाले.

"मी हितंच हाय," काकू म्हणाल्या. त्यांनी काडतूस उचललं, पदराच्या गाठीत किल्लीजवळ बांधलं आणि पुन्हा तूर निवडायला लागल्या. खडे बरोबर निघत होते.

बंदूक जमा झाली. निकाल लागला, गुलाल उधळून झाला, लोक आपापल्या बंदुका घेऊन गेले. अण्णा गेले नाहीत. ठाण्यातून फोन आला. "राहू द्या तिथंच," ते म्हणाले. "परवाना रद्द करायला काय लिहून द्यायचं, ते सांगा."

पण पावसाळा तोंडावर होता आणि ठाण्याच्या त्या खोलीची भिंत ओल धरते, हे अण्णांना ठाऊक होतं. दुसरं काहीही विसरायचे, ती ओल नाही. "सर, इकडं आनली तर मी कोनाला तरी मारीन. तिकडं ठेवली तर गंज खाईल तिला." मला विचारत नव्हते. ठरलेलं होतं. फक्त ते ठरलेलं रोज नव्यानं आठवायचं आणि रोज नव्यानं लागायचं.

शेवटी मी त्यांना ठाण्यात घेऊन गेलो. जमादार ओळखीचा होता. तो टेबलावर बंदूक ठेवत म्हणाला, "घ्या अण्णा, करा साफ. साहेब यायच्या आत जल्दी उरका."

अण्णांनी हात मागे घेतले.

"तुमी उघडा."

"अहो, खालीच हाय ती. आमीच ठेवली ना."

"तुमी इचारा तिला. माझा भरोसा न्हाई राह्यला."

जमादारानं माझ्याकडं पाहिलं. मी मान हलवली. त्या भल्या माणसानं बंदुकीवर नखानं टकटक केली आणि ठाण्यात चार माणसं बघत असताना विचारलं, "आत कोन हाय?" मग बोल्ट ओढून पाहिलं, करंगळी टेकवली.

त्यानंतरच अण्णांनी गज घेतला. मागून घातला. एक कोरडी चिंधी, एक तेलाची. हात बिलकुल हलला नाही. तेल लाकडात उतरू नये म्हणून बंदूक तोंड खाली करून कोपऱ्यात ठेवायला लावली, गज तिच्याशेजारी. "हा हितंच राहू द्या," ते म्हणाले. "पन मागून घाला."

त्यानंतर कोणी घातला असेल असं मला वाटत नाही.

आता अण्णा ओसरीवर येत नाहीत. आतल्या खोलीत खिडकीशी बसून असतात. मला कधी सर म्हणतात, कधी जमादार, कधी काहीच नाही. परवा गेलो तर खोलीचं दार लोटलेलं होतं. काकू म्हणाल्या, "आज कोनालाच ओळखून न्हाई राह्यले." मी दारावर हळूच टकटक केली.

आतून अण्णांचा आवाज आला, स्वच्छ, जुना.

"कोन न्हाई. तरी बघा."