पाचचा फुगा

आमच्या हवामान केंद्रात त्यांना सगळे फुगेवाल्या बाई म्हणत. तेवीस वर्षं त्यांनी एकच काम केलं. रोज संध्याकाळी पाच वाजता आकाशात एक फुगा सोडला. ऐकणाऱ्याला हा पोरखेळ वाटतो. मी त्यांचा साहेब. बदली होऊन तिथे गेलो तेव्हा पहिला आठवडा मलाही तसंच वाटलं होतं.

आवाराच्या टोकाला हायड्रोजनची खोली होती, इतर इमारतींपासून लांब. आत काडेपेटी न्यायची नाही, मोबाइल न्यायचा नाही, कृत्रिम धाग्याचे कपडे घालून जायचं नाही. एक ठिणगी उडाली तरी खेळ खलास. बाई सुती कपड्यांत, केस बांधून आत जात. माणसापेक्षा उंच होईपर्यंत फुगा फुगवत. त्याच्या तोंडाशी अडकवलेलं वजन जमिनीवरून उचललं गेलं की गॅस पुरे झाला. मग दोरी, दोरीला लाल कापडाची छत्री आणि सगळ्यात खाली चहाच्या डब्याएवढं पांढरं खोकं. फुगा तीस किलोमीटर वर जाई, तिथे फुटे आणि खोकं छत्रीला लटकत कुठेतरी खाली येई. वर जाताना ते खोकं उष्णता किती, ओल किती, वारा कुठला हे सांगत राही. त्याच वेळी जगातल्या शेकडो केंद्रांतून असेच फुगे वर जात असतात. आपण रोज ज्याला हवामानाचा अंदाज म्हणतो आणि चुकला की शिव्या घालतो, तो या फुग्यांवर उभा आहे.

बाई या कामाबद्दल कधी मोठं बोलल्या नाहीत. आजारी पडल्या तरी पावणेपाचला हजर. स्वतःच्या लग्नाच्या दिवशीसुद्धा फुगा सोडून मग हॉलवर गेल्या, असं जुने लोक सांगत. मी एकदा विचारलं तेव्हा म्हणाल्या, लग्न साडेसहाला होतं, वेळ होता की.

मी तिथे गेल्यानंतरची दोन वर्षं पावसाने तोंड फिरवलं. नळाला तीन दिवसांआड पाणी येऊ लागलं. अशात कुणीतरी गच्चीवरून आमच्या फुग्याचा व्हिडिओ काढला आणि खाली लिहिलं की त्या पांढऱ्या खोक्यात ढग फोडायचं रसायन असतं; सरकार रोज संध्याकाळी आपला पाऊस पळवतं. आठ दिवसांत तो व्हिडिओ गावातल्या प्रत्येक फोनवर होता. वाण्याने बाईंना उधार नाही, रोख नाही, मालच नाही म्हणून सांगितलं. आमच्या फाटकावर कुणी काळा रंग ओतला.

हे सगळं बाईंनी खपवून घेतलं. लागलं ते घरचं. बाईंना एक धाकटा भाऊ. आई लवकर गेली, त्यामुळे त्याच्या शाळेच्या डब्यापासून नोकरीच्या अर्जापर्यंत सगळं यांनी केलेलं. त्याने नोकरी सोडून रोपवाटिका काढली होती, ती डोळ्यांदेखत सुकत होती. त्याने तो व्हिडिओ घरच्या ग्रुपवर टाकला आणि खाली लिहिलं, ताईने उत्तर द्यावं. ताईने सविस्तर उत्तर दिलं. ते कुणी वाचलं नाही. भावाने बोलणं टाकलं. बाई मात्र रोज संध्याकाळी त्याच ग्रुपवर लिहीत राहिल्या: आजचा फुगा एकतीस किलोमीटर, वर ओल नाही. पुढे अंगठाही नाही, नमस्कारही नाही. दोन महिने हे चाललं. मी म्हटलं, बाई, भिंतीशी कशाला बोलता? त्या म्हणाल्या, भिंत नाही साहेब, भाऊ आहे.

आता पुढाऱ्यांकडे येऊ. सगळं गाव त्यांना दादा म्हणे, आपणही म्हणू. दादा विज्ञानाचे पदवीधर. फुग्याने पाऊस पळत नाही हे त्यांना माझ्याइतकंच ठाऊक होतं. पण निवडणूक दीड महिन्यावर आलेली. सभेत कुणी विचारलं की म्हणत, लोकांच्या मनात शंका आहे, चौकशी झालीच पाहिजे. हो म्हणायचं नाही, नाही म्हणायचं नाही. अशी वाक्यं मीही कार्यालयात आयुष्यभर लिहिली, त्यामुळे त्यांची कारागिरी मला चांगली कळते.

एका मंगळवारी दादा आमच्याकडे आले. चहा घेतला, व्हिडिओची टिंगल केली, आम्हीही हसलो. मग म्हणाले, गुरुवार आणि शुक्रवार, दोनच दिवस फुगा बंद ठेवा. लोक शांत होतील, शनिवारपासून खुशाल सोडा. मी मान डोलावणारच होतो. बाई माझ्या शेजारी उभ्या होत्या, त्यांची नजर दादांच्या हातातल्या घडी घातलेल्या कागदावर होती. त्यांनी तो मागितला आणि उलगडला. आमच्याच केंद्राचा अंदाज होता तो. शनिवारी जोरदार पाऊस.

"दादा," बाई म्हणाल्या, "शनिवारी पाऊस आहे, हे तुम्हाला फुग्याने सांगितलं. आणि फुगा बंद केला म्हणून पाऊस आला, हे तुम्ही लोकांना सांगणार?"

दादांना राग नाही आला. त्यांनी कप बशीत ठेवला आणि समजुतीच्या सुरात म्हणाले, "मी कशाला खोटं बोलू, बाई? मी म्हणेन, फुगा थांबवला. पुढचं लोक म्हणतील."

खरी गोम ही होती, आणि ती माझ्या टाळक्यात शिरायला बाईंचा प्रश्न लागला. दोन दिवस फुगा थांबला आणि तिसऱ्या दिवशी पाऊस पडला की पुरावा तयार. मग कुठल्याही शास्त्रज्ञाने डोकं आपटलं तरी ते खोटं गावातून निघालं नसतं. केंद्राला टाळं लागलं असतं. आणि बाईंच्या भावाला मरेपर्यंत वाटत राहिलं असतं की आपली रोपं आपल्या बहिणीने मारली.

बुधवारी वरच्या कार्यालयातून मला फोन आला. स्थानिक परिस्थिती पाहून आपल्या स्तरावर निर्णय घ्यावा. याचा अर्थ नोकरी केलेल्या माणसाला सांगावा लागत नाही: बंद करा, पण आमचं नाव घेऊ नका. मी बाईंना बोलावलं आणि म्हटलं, दोन दिवस रजा टाका, एका फुग्याने काय बिघडतं. मला आजही त्या वाक्याची लाज वाटते.

"लेखी द्या," बाई म्हणाल्या.

"काय लेखी देऊ?"

"गुरुवारी फुगा सोडू नये. खाली कारण आणि तुमची सही. मी घरी बसते."

मी पेन उचललं. कारणाच्या जागी काय लिहायचं हे पाच मिनिटं सुचलं नाही. पेन खाली ठेवलं. बाई आपल्या कामाला निघून गेल्या.

गुरुवारी चार वाजल्यापासून फाटकापाशी माणसं जमायला लागली. दोनशे तरी असतील. दादा गाडीच्या पायरीवर उभं राहून बोलत होते, चारपाच कॅमेरे त्यांच्या तोंडावर होते. फुग्याचा कारभार आज आपण स्वतः आत जाऊन थांबवणार, असं त्यांनी जाहीर केलं. गर्दीत बाईंचा भाऊ होता. हाताची घडी घालून, मागे, एकटा. आमचा मदतनीस आलाच नव्हता. बायकोने घराबाहेर पडू दिलं नाही, असा त्याचा निरोप आला. त्या दिवशी वारा होता. अशा वाऱ्यात फुगा एकट्याने सोडता येत नाही. एकाने फुगा धरायचा, दुसऱ्याने खोकं, नाहीतर खोकं जमिनीवर आपटून फुटतं. ते धरायला मी जायला हवं होतं. मी खिडकीच्या पडद्याआड उभा होतो.

दादा कॅमेऱ्यांसकट आवारात शिरले. बाई हायड्रोजनच्या खोलीच्या दारात आल्या आणि त्यांनी जमिनीवरच्या पिवळ्या पट्ट्याकडे बोट केलं. पट्ट्याच्या आत फोन नाही, कॅमेरा नाही, पेटवायचं काही नाही. आत हायड्रोजन आहे, दादा, उडालो तर सगळेच उडू. इतकं साध्या आवाजात म्हणाल्या की कॅमेरेवाले दोन पावलं मागे सरले. दादाही थांबले. खोलीला लावायला आणलेलं कुलूप त्यांच्या खिशात होतं, ते तिथेच राहिलं. बाईंनी दार लावून घेतलं आणि आतून गॅसचा सूं आवाज सुरू झाला.

पाचला दोन मिनिटं असताना मोठं दार उघडलं आणि बाई फुगा घेऊन मोकळ्यावर आल्या. फुगा वाऱ्याने ओढ घेत होता, त्या टाचा रोवून उभ्या होत्या. दुसऱ्या हातात ते पांढरं खोकं. समोर दादा. आणि तेवीस वर्षं समोर जो असेल त्याला जे म्हणत आल्या तेच बाई म्हणाल्या. "हे धरा जरा."

दादांनी धरलं. हातात वस्तू आली की माणूस धरतो, पुढारी असला तरी. गर्दी बघत होती, आता टाकलं तर भ्याला म्हणतील, ठेवलं तर सामील म्हणतील. ते खोकं छातीशी धरून उभे राहिले.

"वाऱ्याच्या बाजूला चार पावलं या. अजून नाही. अजून नाही. आता सोडा."

दादांनी सोडलं.

फुगा सुटला, मागोमाग लाल छत्री, मागोमाग खोकं. दोनशे माणसांच्या माना वर गेल्या. घोषणा द्यायला आलेले लोक तोंड उघडं टाकून बघत राहिले, कारण खरं सांगायचं तर ते दृश्य सुरेख असतं आणि एवढ्या जवळून त्यातल्या कुणीच पाहिलं नव्हतं. बाईंनी घड्याळ पाहिलं, वहीत लिहिलं: पाच वाजता, वारा वायव्येचा, मदतीला लोकप्रतिनिधी. ती वही मी जपून ठेवली आहे.

रात्रीपर्यंत दादांनी खोकं धरल्याचा फोटो फोनवर फिरला. दादाही त्यांनाच सामील, असं लिहून. शुक्रवारी दादांनी घराबाहेर तोंड काढलं नाही. शुक्रवारीही पाचला फुगा गेला. त्या दिवशी खोकं मी धरलं.

शनिवारी पाऊस पडला. एकेचाळीस मिलिमीटर. दुपारी तीनला सुरू झाला, आणि पाचला बाईंनी भर पावसात फुगा सोडला.

इथे गोष्ट संपायला हवी होती. पण दादांना ओळखायला आम्ही कमी पडलो. रविवारी चौकात मोठा फलक लागला. दादांच्या हातात पांढरं खोकं, वर फुगा आणि खाली अक्षरं: दादांनी सोडला, पाऊस आला. सोमवारी ते पुष्पगुच्छ घेऊन आमच्या दारात. पुढच्या आठवड्यात सभा आहे, मैदानात दोन फुगे सोडूया, बाईंचा सत्कार करूया. लोकांचा आता फुग्यावर विश्वास बसलाय, ते म्हणाले.

बाईंनी पुष्पगुच्छ घेतला नाही. माझ्या टेबलावरचा कोरा कागद ओढला, उभ्याउभ्या मोठ्या अक्षरात लिहिलं, खाली पूर्ण सही केली, हुद्दा लिहिला आणि वाचून दाखवलं. "या केंद्राच्या फुग्याने पाऊस पळत नाही आणि येतही नाही. फुगा फक्त मोजतो."

"अहो, पण आता तुमच्याच बाजूने चाललंय ना सगळं," दादा म्हणाले.

"खोटं माझ्या बाजूने झालं म्हणून खरं होत नाही, दादा. हे मी लेखी दिलंय. तुम्हाला याच्या उलट काही म्हणायचं असेल तर तुम्हीही लेखी द्या."

तो कागद बाईंनी काळ्या रंगाच्या डागावर, फाटकाला चिकटवला. दादांचा चेहरा पाहण्यासारखा झाला. पुढच्या वर्षभरात बाईंच्या बदलीची तीन पत्रं आली. तिन्ही वेळा मी एकाच ओळीचं उत्तर धाडलं: बदलीचं कारण लेखी कळवावं. पेन उचलल्यावर या वेळी अडखळलो नाही. कारण काही आलं नाही, बाईही हलल्या नाहीत.

भाऊ आला तो त्या सोमवारनंतर दहाएक दिवसांनी. त्या एका पावसाने रोपं जरा वर आली होती, पण पुन्हा ऊन तापलं होतं. फुगा नुकताच गेला होता, आम्ही आलेख बघत बसलो होतो. तो फाटकापाशी थांबून तो कागद वाचत होता. बराच वेळ वाचत होता, दोन वाक्यांना एवढा वेळ लागत नाही. मग दारात आला. माझ्याकडे बघितलं नाही.

"ताई, उद्या पडेल का?"

तो पुन्हा बोलावा म्हणून बाईंनी दोन महिने त्या ग्रुपवर लिहिलं होतं. त्या क्षणी हो म्हणाल्या असत्या तर मी त्यांना दोष दिला नसता. मी असतो तर बघू म्हणालो असतो, शक्यता आहे म्हणालो असतो. बाईंनी पडद्यावरच्या रेघेवरून एकदा नजर फिरवली.

"नाही," त्या म्हणाल्या. "उद्या नाही. पुढचे आठ दिवस नाही."

त्याने मान डोलावली.

"बरं. मग रोपांवर जाळी घालून घेतो," म्हणाला. बाईंनी वही मिटली आणि त्याच्याबरोबर जाळी बांधायला निघाल्या.